सुधाकराचा दोष कोणता? मी 'दारू' म्हणालो आणि परीक्षक हसले

रिवाइंडिंगवाला, चोपडा

नमस्कार मंडळी. दोन वर्षं इथे नुसता वाचतोय, लिहायला आज बसलो. हात तांब्याच्या तारेला सरावलेत, मोबाइलच्या अक्षरांना नाहीत, तेव्हा चुका पोटात घाला.

चोपड्यात माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. आमचा केळीचा पट्टा. एप्रिल-मेमध्ये रात्री दोनलाही शटर वाजतं, शेतकरी जळालेली सबमर्सिबल ट्रॅक्टरमधून उतरवतो आणि म्हणतो, 'भो, सकाळपर्यंत दे, नाहीतर बाग गेली.' तेव्हा नाटकबिटक सुचत नाही. दिवाळीनंतर जोर ओसरतो. मग आमची आठ जणांची मंडळी शाळेच्या एका वर्गात बाकं भिंतीला सरकवून तालमीला लागते. एक मास्तर, एक मेडिकलवाला, एक ग्रामसेवक, कॉलेजची तीन पोरं, एक अंगणवाडीताई आणि मी.

यंदा 'एकच प्याला' घेतलं. गडकऱ्यांची भाषा तोंडात बसायलाच महिना गेला. पदं गाळली, कारण आमच्यात गळा एकट्या ताईंना आहे. त्यांचं 'चंद्र चवथिचा' तेवढं ठेवलं. दारूत बुडणारा वकील सुधाकर मी, त्याची बायको सिंधू त्या.

डिसेंबरात एका स्पर्धेत प्रयोग झाला. कोणती स्पर्धा ते सोडा. पडदा पडल्यावर लोक रडत होते, हे मी विंगेतून डोळ्यांनी पाहिलं. परीक्षकांनी बोलावून घेतलं. एक म्हणाले, 'तुमच्या सुधाकराचा घातक दोष कोणता, ते सांगा.' मी म्हटलं, 'दारू.' तिघांतले दोघे हसले. तिसरे म्हणाले, 'अहो, दारू हा परिणाम झाला. तुम्ही पहिल्या प्रवेशापासूनच बेवडे आहात, मग पडणार कुठून?' पुढे त्यांनी 'हॅमार्शिया' की असा काहीतरी शब्द काढला, तेवढ्यात चहा आला आणि विषय गेला. आम्ही शेवटच्या एसटीने परत आलो. ताई वाटेत एवढंच बोलल्या, 'दादा, मला तर त्यांनी काहीच विचारलं नाही.'

मला राग हसण्याचा आला असं नाही. म्हणजे, आलाच. पण मी सुधाकर कुठून उचलला ते सांगतो. माझा धाकटा काका दारूत गेला. त्याची चाल मी लहानपणापासून पाहिलेली: आधी टाच, मग बोटं, जणू पाय टाकायच्या आधी जमीन जागेवर आहे का ते तपासतोय. तीच चाल मी सुधाकराला दिली. ओठ ओले करायची सवय त्याची, वाक्याच्या मध्येच हरवून जाणं त्याचं. माझ्या दृष्टीने त्याच्यात दुसरा दोष नव्हताच. दारू होती आणि तो संपला.

तर जाणकारांना विचारायचं आहे. शोकांतिकेच्या नायकात एखादा दोष असावाच लागतो का? हा नियम केला कुणी? आणि दारू नाही तर सुधाकराचा दोष कोणता? फेब्रुवारीत गावच्या यात्रेत पुन्हा प्रयोग आहे, तोवर कळलं तर बरं.

निवृत्त बाई, अमळनेर

भाऊ, हसणाऱ्यांचं सोडून द्या. प्रश्न मात्र चांगला होता, त्यांनी चहासाठी सोडायला नको होता.

मी कॉलेजात इंग्रजी साहित्य शिकवलं. शोकांतिका दरवर्षी शिकवली आणि बरीच वर्षं चुकीची शिकवली, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

'हॅमार्शिया' हा शब्द अ‍ॅरिस्टॉटलचा. त्याच्या काव्यशास्त्राच्या तेराव्या प्रकरणात तो येतो. विंदा करंदीकरांनी त्या ग्रंथाचा मराठी परिचय करून दिलेला आहे, मिळाला तर वाचा. अ‍ॅरिस्टॉटल म्हणतो ते थोडक्यात असं: अगदी सज्जन माणूस रसातळाला गेला तर बघणाऱ्याला किळस येते, आणि बदमाश गेला तर कुणाला हळहळ वाटत नाही. म्हणून नायक या दोहोंच्या मधला हवा, आणि तो दुष्टपणामुळे नव्हे तर कुठल्याशा हॅमार्शियामुळे पडायला हवा. आता या शब्दाच्या मुळाशी जे क्रियापद आहे त्याचा अर्थ नेम चुकणे. बाण सोडला, लागला नाही. धनुर्धारी वाईट आहे असं त्यात कुठेच नाही.

ग्रीक नाटककार सॉफक्लिसचा ईडिपस घ्या, अ‍ॅरिस्टॉटलचं लाडकं उदाहरण. आपण बापाला मारणार आणि आईशी लग्न करणार, असं भविष्य त्याने ऐकलं. ते टळावं म्हणून तो कॉरिंथ सोडून निघाला, कारण तिथल्या राजाराणीलाच तो आईबाप समजत होता. वाटेत तीन रस्ते मिळतात तिथे एका रथवाल्या म्हाताऱ्याशी वाट देण्यावरून भांडण झालं आणि त्याने त्याला मारलं. तोच बाप. पुढे थेबेसला आला, स्फिंक्सचं कोडं सोडवलं, गावाने राजा केलं, विधवा राणी दिली. तीच आई. नाटक सुरू होतं तेव्हा हे सगळं घडून गेलेलं आहे. गावात साथ आलीय, जुन्या राजाचा मारेकरी सापडल्याशिवाय ती हटणार नाही, आणि हा राजा मारेकरी शोधायला निघालाय. राणीला त्याच्या आधी उमगतं. ती विनवते, आता पुरे कर. म्हातारा मेंढपाळ गयावया करतो. हा ऐकत नाही.

वर्गात विचारलं की मुलं सांगायची, 'मॅडम, राग' किंवा 'मॅडम, गर्व.' दोन्ही आहेत त्याच्यात. पण समजा तो रागीट नसता, राणीचं ऐकून गप्प बसला असता, तर? तो वाचला असता आणि गाव साथीत मेलं असतं. ज्या हट्टाने कोडं सुटलं त्याच हट्टाने त्याने स्वतःला पकडलं. यातला दोष कुठला आणि राजाचं कर्तव्य कुठलं, ते मला आजही वेगळं काढता येत नाही.

मग 'घातक दोष' आला कुठून? ब्रॅडली नावाचे एक इंग्रज प्राध्यापक होते. शेक्सपिअरच्या हॅम्लेट, ऑथेल्लो, लिअर आणि मॅक्बेथ या चार शोकांतिकांवरची त्यांची व्याख्यानं १९०४ साली पुस्तकरूपाने आली. माणूस बारकाईने वाचणारा होता. नायकाचं चारित्र्यच त्याचं नशीब घडवतं, असं त्यांनी फार सुंदर मांडलं. पण गाइडवाल्यांनी त्यातून काय उचललं? हॅम्लेट, दिरंगाई. ऑथेल्लो, मत्सर. मॅक्बेथ, महत्त्वाकांक्षा. लिअर, म्हातारचळ. चार नावं, चार रोग. खरं म्हणजे ही ओढ आपल्याकडे त्याआधीपासूनच होती. आगरकरांनी १८८३ साली हॅम्लेट मराठीत आणला तेव्हा नाव काय ठेवलं? 'विकारविलसित'.

मीही फळ्यावर तेच चार रकाने आखत असे. एका वर्षी तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. घर कापसाचं, वडील दोन वर्षांपूर्वी गेलेले, कसे गेले ते वर्गाला ठाऊक होतं. ती म्हणाली, 'मॅडम, आमच्याकडे दहाव्याला लोक हेच करत होते. कुणी म्हणालं, बहिणीच्या लग्नात फार खर्च केला. कुणी म्हणालं, बोअर खोदायला नको होती. कुणी म्हणालं, सल्ला ऐकत नव्हता. ओट्यावर बसलेला प्रत्येक जण म्हणे, तेनंच चुकनं.' ती थांबली आणि मग म्हणाली, 'दोष सापडला की त्यांना घरी जाऊन जेवता येत होतं.'

मी फळा पुसला. त्या दिवशी पुढे शिकवलं नाही.

आपण नायकात दोष का शोधतो, याचं याहून खरं उत्तर मी कुठल्या ग्रंथात वाचलेलं नाही. त्याच्यात दोष होता, माझ्यात नाही, म्हणजे मी सुरक्षित. अ‍ॅरिस्टॉटल तर नेमकं उलटं मागतो: भीती वाटली पाहिजे, आणि ती आपल्यासारख्या माणसाचं पाहूनच वाटते.

आता तुमचा सुधाकर. त्याला पहिला प्याला मिळतो कधी, ते बघा. कोर्टात मुनसफाशी, म्हणजे न्यायाधीशाशी खटका उडतो, वकिलीची सनद जाते, अपमान जिव्हारी लागतो, आणि मग दारूबाज तळीराम प्याला पुढे करतो. म्हणजे पेल्याच्या आधी एक प्रसंग आहे. तो तुमच्या दोन तासांच्या संहितेत उरलाय का?

देवपूरचा, धुळे

बाई, लिहिलंय जबरी. पण एक शंका, उद्धट वाटली तर माफ करा.

दोष शोधायचा नाही, रकाने पुसायचे, सुधाकर बिचारा आपल्यासारखाच. ठीक. मग सिंधूचं काय? दळणं दळून घर चालवते, मूल नवऱ्याच्या हातून जातं, स्वतः मरताना पोलिसांसमोर त्याला वाचवायला खोटं बोलते. आणि आपण शंभर वर्षं चर्चा करतोय की *त्याचा* नेम कुठे चुकला. आमच्या मावशीकडे असला सुधाकर आहे. त्याला शोकनायक म्हटलं तर मावशी लाटणं घेऊन येईल.

चोपड्याच्या ताईंना परीक्षकांनी काहीच विचारलं नाही, हे वाचून मला तरी नवल वाटलं नाही.

निवृत्त बाई, अमळनेर

उद्धट अजिबात नाही. शोकनायक ही पदवी नव्हे, चारित्र्याचा दाखला नव्हे. मॅक्बेथ झोपलेल्या पाहुण्याचा खून करतो, लहान मुलं मारवतो, तरी तो शोकनायक आहे, कारण आपण काय करतोय हे त्याला पहिल्यापासून कळतंय. सुधाकरालाही कळतं. तो आपल्या मित्राला, रामलालला, दारूच्या तीन अवस्था समजावून सांगतो ते आठवा: सुटका कुठल्याच टप्प्यावर का होत नाही, हे डॉक्टरच्या थंडपणाने सांगतो. ग्रीक नाटकात 'ओळख पटणं' म्हणतात ते हेच. ईडिपसला ओळख पटते आणि त्याच क्षणी फासा उलटतो. सुधाकराचं दुर्दैव निराळं आहे, त्याला ओळख पटल्यावरही पुष्कळ दिवस जगायचं आहे.

सिंधूबद्दल तुमचं म्हणणं मान्य. गडकऱ्यांनी तिला आदर्श केलं आणि आदर्शाला चुकायची मुभा नसते. अ‍ॅरिस्टॉटलने अगदी सज्जनाला नायक करू नका म्हटलं, त्याचं कारण तिच्याकडे पाहिलं की कळतं. तिचं दुःख बघवत नाही, आणि बघवत नाही यापलीकडे आपण जात नाही.

वहीवाला, पारोळा तालुका

राम राम. मी काही शिकलेला नाही, बारावीला इंग्रजीत गेलो. पण आमच्या घरात वही गातात, आजोबांपासून. वही म्हणजे काय ते खान्देशाबाहेरच्यांसाठी सांगतो: डफ, ढोलकी, झांजा, एक जण ओळ टाकणार, बाकीचे उचलणार, पुराणातली कथा रात्रभर चालते. समोर दुसरा फड असला तर सवाल-जवाब.

कर्णाचं कवचकुंडल गायला घेतलं की आमच्याकडे बाया पदर लावतात आणि म्हातारे बिडी विझवतात. बाई म्हणतात तसा विचार मी कधी केला नव्हता, पण आज वाचून वाटलं, कर्णाचा दोष कोणता सांगायचा? इंद्र बामणाचं सोंग घेऊन येतो, कवच मागतो. सूर्याने आधीच सांगून ठेवलेलं असतं, येणार आहे, देऊ नको. तरी देतो. चुकला का? फडात कुणी म्हणत नाही चुकला. म्हणतात, *दिलं त्याने*. तेवढा एकच शब्द लांबवायचा असतो, आणि माझ्या आजोबांना तो लांबवता यायचा.

पण त्याच कर्णाने भर सभेत द्रौपदीला नको ते बोललंय, आणि परशुरामाला खोटी जात सांगून विद्या घेतलीय. ते आम्ही गाळत नाही. एकदा एका नव्या पोराने गाळलं, म्हणे कर्ण वाईट दिसतो. आजोबांनी डफ खाली ठेवला. म्हणाले, 'ते काढलं तर मग मेला कोण?'

चोपड्याच्या भावाला एक सांगतो, नाटकातलं नाही, गाण्यातलं. कर्णाच्या मरणाच्या वेळी गाणाऱ्याने रडायचं नसतं. गाणारा रडला की ऐकणारा मोकळा होतो. तुमचे लोक रडत होते म्हणता. तुम्ही रडत होता का?

रिवाइंडिंगवाला, चोपडा

रडत होतो. दुसऱ्या अंकापासून.

आणि बाई, मुनसफाचा प्रसंग आम्ही एका वाक्यात उरकलाय. रामलाल येऊन सांगतो, 'सनद गेली', आणि पुढच्याच मिनिटाला माझ्या हातात पेला. मास्तर म्हणाले होते, लोकांना दारू बघायची आहे, कोर्ट नाही.

पडदेवाला, भुसावळ

वय ७१. रेल्वेत नोकरी केली आणि संध्याकाळी हौशी नाटकांचे पडदे ओढले, पुढे लाइट सांभाळले. स्टेजवर आयुष्यात एकदाच गेलो, तेही पडदा अडकला म्हणून. पण बाजूने बघणाऱ्याला जे दिसतं ते पुढून दिसत नाही.

आधी एक गोष्ट. गडकऱ्यांनी 'एकच प्याला'चा प्रयोग पाहिलाच नाही. ते २३ जानेवारी १९१९ ला गेले आणि गंधर्व मंडळीने नाटक पुढच्या महिन्यात बडोद्याला उभं केलं. बोडसांचा सुधाकर, बालगंधर्वांची सिंधू. पदं गुर्जरांनी रचली. म्हणजे सुधाकर दिसावा कसा, हे लेखकाने नटाला सांगितलंच नाही, आणि तेव्हापासून प्रत्येक गावचा सुधाकर आपापल्या गावच्या बेवड्यासारखा दिसतो. तुमचा काकासारखा दिसला यात तुमचा काही गुन्हा नाही.

मी तीन सुधाकर पाहिले. दोन विसरलो. तिसरा एक ऑफिसातला क्लार्क होता, किरकोळ अंगाचा, आवाजही बेताचा. पहिल्या अंकात तो घरी यायचा आणि वकिलीचा काळा कोट काढून घडी घालायचा. बाहीवर बाही, कॉलरवरची धूळ बोटाने उडवायची, मग खुर्चीच्या पाठीवर. पंधरा-वीस सेकंद, संवाद नाही. दिग्दर्शक ओरडायचा, वेळ खातोस. त्याने ते सोडलं नाही. सनद गेल्यावर कोट नाही, तरी आत आला की हात तीच घडी घालायला जायचे. आणि पुढे, दारू सोडून काम मागायला जातो आणि लोक त्याला हिडीसफिडीस करतात, तिथून परत आल्यावर त्याने अंगावरच्या फाटक्या सदऱ्याची तशीच घडी घातली. मी पडद्याची दोरी हातात धरून उभा होतो. दोन कट लाइटचे चुकलो.

तो झिंगलाच नाही कधी. खरा पिणारा सरळ चालायला बघतो हो. तिरपं जमीन चालते, तो नाही. तुम्ही जी टाच आधी आणि बोटं मागून म्हणता ना, ती तुमच्या काकाची सरळ चालायची धडपड होती. तुम्ही ती लडखडणं म्हणून केलीत.

दोषाबिषाचं मला कळत नाही. बेलवलकरही तसाच. 'नटसम्राट'मध्ये सगळी इस्टेट पहिल्याच झटक्यात मुलांना वाटून टाकतो, लिअरसारखा. लोक म्हणतात मूर्खपणा. पण ज्याने आयुष्यभर रंगमंचावर राजे केले तो वाटताना हातचं राखून कसं वाटेल? राखलं असतं तर तो दुसरा कुणीतरी हिशेबी म्हातारा झाला असता, आणि त्याचं नाटक झालं नसतं.

देवपूरचा, धुळे

काका, लाइटचे कट चुकलात हे कबूल केल्याबद्दल मान गये.

निवृत्त बाई, अमळनेर

वहीवाल्या दादांनी कर्ण काढला म्हणून राहवत नाही. आपल्या संस्कृत परंपरेत रंगमंचावर नायकाचा मृत्यू दाखवायची रीत नव्हती, शोकांत शेवटही नाही. पण भासाच्या नावावर असलेलं 'ऊरुभंग' बघा. नायक दुर्योधन. गदायुद्ध संपलंय, मांड्या मोडल्यात, तो जमिनीवरून सरपटतोय. त्याचा लहानगा मुलगा दुर्जय धावत येतो, नेहमीसारखा मांडीवर बसायला. बापाला सांगावं लागतं की आता तिथे बसता येणार नाही.

आयुष्यभर जो मांडी थोपटून मिरवला त्याची मांडी. हा दोषाचा पाढा वाचण्याचा प्रसंगच नाही. त्याने काय काय केलं ते प्रेक्षकाला पाठ आहे, आणि तरी तो पोर धावत येतो तेव्हा काय करायचं ते कळत नाही. दादा, तुमच्या आजोबांनी डफ खाली ठेवला तो याच कारणासाठी.

रिवाइंडिंगवाला, चोपडा

चार दिवस उत्तर दिलं नाही, त्याबद्दल माफी. एक तर काम आलं, आणि दुसरं सांगतो.

परवा एक जण साडेसात एचपीची मोटर घेऊन आला. उघडली, वाइंडिंग काळं ठिक्कर, वार्निश जळाल्याचा तो वास. त्याने नेहमीचा प्रश्न केला, 'फॉल्ट काय?' मी तोंड उघडलं आणि थांबलो. कारण फॉल्ट नव्हता. मोटर चांगल्या कंपनीची, बेअरिंग गुळगुळीत, रोटर स्वच्छ. झालं असं की फीडरच्या, म्हणजे विजेच्या लाइनच्या, टोकाला त्याचं शेत, सगळ्यांच्या मोटरी एकदम चालू, व्हॉल्टेज उतरलेलं. अशा वेळी मोटर काय करते माहीत आहे? पाणी तर तेवढंच वर ढकलायचं आहे. मग ती जास्त करंट खेचते. काम सोडत नाही, आणि त्या न सोडण्यानेच तांबं तापतं आणि जळतं. हे होऊ नये म्हणून स्टार्टरमध्ये रिले असतो, करंट वाढला की मोटर बंद पाडतो. त्याने तो बायपास केलेला. लाइट मोजके तास, रिले सारखा पडतो, उठून किती वेळा चालू करणार? चूक कुणाची सांगा. मी बिल केलं आणि त्याला काही बोललो नाही.

मग रात्री काकाचं आठवलं. मी पहिल्या पोस्टमध्ये लिहिलं, त्याच्यात दुसरा दोष नव्हता. बाईंनी मुनसफाचं विचारल्यावर कळलं की मी काकाची गोष्ट पण पेल्यापासूनच सुरू केली होती. त्याच्या आधीचं घरात सगळ्यांना माहीत आहे, कुणी बोलत नाही.

तो कापूस घेऊन विकायला गेला होता, गाडीभर. काट्यावर वजन कमी भरलं. हा म्हणाला, पुन्हा करा. ते चार लोकांसमोर म्हणाले, 'परवडत नसेल तर घेऊन जा, तुझ्यासारखे छप्पन येतात.' तो घेऊन आला. सगळा कापूस. दुसरीकडे नेता आला असता, बाबा पाया पडायचे बाकी राहिले होते. म्हणाला, माझा माल मोजून घेईल त्यालाच देईन. कापूस घरात भरला, खोलीत छतापर्यंत. भाव उतरत गेला. ज्यांच्या घरात कापूस राहिलाय त्यांना माहीत असेल, अंगाला खाज सुटते, पोरं रात्रभर खाजवतात. आम्ही सहा भावंडं त्या कापसाशेजारी झोपायचो. शेवटी बाबांनी तो गुपचूप विकला, मिळेल त्या भावाला, काका गावात नसताना. परत आल्यावर त्याने रिकामी खोली पाहिली आणि काही बोलला नाही. पिणं त्यानंतरचं.

आणि याच काकाने, त्याच हट्टापायी, माझ्या मोठ्या बहिणीला शाळेतून काढू दिलं नव्हतं. सगळं घर विरोधात असताना. ती आज नर्स आहे.

असो. तर आता मुनसफाचा प्रसंग परत घातलाय, सात मिनिटांचा. मास्तर कुरकुरले, लोक उठून जातील म्हणाले. काकाची चाल पहिल्या अंकातून काढली. पहिल्या अंकात आता मी नुसता ताठ चालतो, आणि चालतानाच लाज वाटते, कारण आरशात पाहिलं तर तोही काकाच आहे. दुसऱ्या अंकानंतर सरळ चालायचा प्रयत्न करतो. रडत नाही, निदान तालमीत तरी. वहीवाले दादा, अवघड आहे.

देवपूरच्या भाऊ, तुमचं ताईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, पोलिसांसमोर खोटं बोलायच्या आधी मी एकदा त्याच्याकडे बघणार आहे, आणि किती वेळ बघायचं ते मी ठरवणार. काल तालमीत बघितलं. मी पुढचं वाक्य विसरलो.

पडदेवाले काका, घडी जमत नाहीये. कोट मेडिकलवाल्याच्या मेहुण्याचा, तो खराखुरा वकील आहे, आणि सोमवारी तारीख आहे म्हणून परत मागतोय. भुसावळात कुणाकडे जुना काळा कोट असेल तर कळवा. माप ४०, बाही थोडी आखूड चालेल.